विलायती विश्रांती

कर्जतसारख्या तालुक्याच्या गावी बॅरिस्टर असणं म्हणजे बैलगाडीला मोटारीचा भोंगा लावण्यासारखं. भोंगा झकास वाजतो, गाडीचा वेग काही वाढत नाही. शरच्चंद्ररावांकडे खटले यायचे ते बांधांचे, विहिरीच्या पाळ्यांचे, नाहीतर एकाच्या शेळीने दुसऱ्याचं पीक खाल्ल्याचे. त्यातल्या कशालाही लंडनला शिकलेला कायदा लागत नसे. गावाला मात्र त्यांचा अभिमान होता. गाव त्यांना बालिष्टर म्हणायचं आणि सल्ला साध्या वकिलाचा घ्यायचं.

विलायतेहून त्यांनी तीन गोष्टी आणल्या होत्या. एक पदवी, एक जाडजूड लोकरी कोट, जो कर्जतच्या हवेत कधी अंगावर चढलाच नाही, आणि पंधरा दिवसांची आठवण. पदवी भिंतीवर होती, कोट ट्रंकेत होता. आठवण मात्र सदा तोंडावर. घरी कोणीही आलं, की चहाचा कप खाली ठेवायच्या आत ते त्या पंधरा दिवसांवर येत.

हकीकत इतकीच होती, की त्यांच्याबरोबर शिकणारा विल्फ्रेड म्हणून एक मित्र होता. अडतीस सालच्या उन्हाळी सुट्टीत तो त्यांना आपल्या खेड्यावर घेऊन गेला. सफरचंदाची बाग, मागे ओढा, माडीवर एक खोली. आणि तिथे काय घडलं? तर काहीच घडलं नाही. शरच्चंद्ररावांच्या मते खरी मौज तीच होती. सकाळी दाराबाहेर चहा ठेवलेला असे. कोणी हाक मारत नसे. झोप झाली? पोट साफ झालं? घरून पत्र आलं? लग्न ठरलं? एक प्रश्न नाही. वाचावं, ओढ्याकाठी हिंडावं, झोपावं. नगरच्या घरात चौदा माणसांत वाढलेल्या, न्हाणीघरात गेलं तरी बाहेरून कोणीतरी बोलत असलेल्या माणसाला तो स्वर्ग वाटला यात नवल नाही.

त्या स्वर्गावरून त्यांनी एक सिद्धांतही काढला होता. पाहुण्याला एकटं सोडणं हा खरा पाहुणचार, आणि तो इंग्रजांनाच जमतो. आपण पाहुण्याला खाऊ घालून घालून आणि विचारून विचारून मारतो. लग्नाच्या पंगतीत कोणी जिलबीचा आग्रह करत आला, की ते ताटावर हात आडवा धरून हा सिद्धांत सांगत. वाढपी ऐकून घेई आणि बोटांच्या फटीतून जिलबी सोडून पुढे जाई. त्यांच्या पत्नीला, सुनीतीबाईंना, ते पंधरा दिवस इतके पाठ होते की नवरा कुठे चुकला तर त्या माजघरातून दुरुस्ती करत.

सेहेचाळीस सालच्या जानेवारीत शरच्चंद्रराव कोर्टाच्या कामाला नगरला गेले असताना छावणीच्या रस्त्यावर एका खाकीतल्या गोऱ्याने त्यांना नावाने हाक मारली. तो विल्फ्रेड होता. ब्रह्मदेशाच्या लढाईवरून परत आलेला, निम्मा झालेला, कानांजवळ पांढरा झालेला. घरी जायच्या बोटीत जागा मिळेपर्यंत त्याला नगरला थांबायचं होतं. शरच्चंद्ररावांनी आमंत्रण द्यायच्या आधीच त्याने विचारलं, तुझ्या घरी चार दिवस येऊ का? शरच्चंद्ररावांचे डोळे भरून आले. ज्या घराने आपल्याला आयुष्यातले सगळ्यात सुखाचे पंधरा दिवस दिले, त्याची परतफेड करायची संधी देवाने आणून दिली होती. ती फुकट घालवायची नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं. मुलांची रवानगी श्रीगोंद्याला मावशीकडे झाली. पाहुण्याशी कोणी आपणहून बोलायचं नाही. काही विचारायचं नाही. चहा दाराबाहेर ठेवायचा आणि निघून यायचं. आणि मुख्य म्हणजे आग्रह करायचा नाही. तो नको म्हणाला की नको. सुनीतीबाईंनी रेशनची साखर कितीतरी दिवस वाचवून ठेवली होती. त्यांनी विचारलं, गोडाचं तरी करू ना? शरच्चंद्रराव म्हणाले, कर, पण एकदाच विचार. सुनीतीबाई म्हणाल्या, एकदा विचारणं म्हणजे न विचारणंच की. पण नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

गावाचाही बंदोबस्त झाला. शरच्चंद्ररावांचा कारकून मच्छिंद्र फाटकाशी स्टूल टाकून बसला. बालिष्टरांकडे लढाईवरचा साहेब आलाय म्हटल्यावर गाव लोटणारच. पाटील नारळ आणि फेटा घेऊन आले, त्यांना मच्छिंद्रने साहेब विश्रांती घेताहेत म्हणून परत पाठवलं. शाळेचे मास्तर चार मुलांना घेऊन स्वागताचं गाणं म्हणायला आले, तेही परत गेले. लष्करातून सुटून आलेला एक पेन्शनर छातीवर पदकं लावून आला होता. त्याने नुसता एक सलाम ठोकायची परवानगी मागितली. तीही मिळाली नाही.

पहिल्या रात्री जेवताना विल्फ्रेड पाटावर कशीबशी मांडी घालून बसला. भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, असं त्याने सगळं मन लावून खाल्लं. सुनीतीबाई दुसरी भाकरी घेऊन आल्या तेव्हा त्याने दोन्ही हात जोडले आणि घोकून आणलेल्या मराठीत म्हणाला, "नको, पुरे." सुनीतीबाईंचा हात सवयीने ताटापर्यंत गेला होता. नवऱ्याने भुवई उचलली. त्यांनी हात मागे घेतला आणि भाकरी घेऊन त्या आत गेल्या. विल्फ्रेडची नजर त्या भाकरीमागून पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. तो आपलं घर कौतुकाने पाहतो आहे, असं शरच्चंद्ररावांना वाटलं.

साखर वाचवून केलेल्या शिऱ्याचंही तेच झालं. एक चमचा पडला, नको म्हटलं गेलं, पातेलं परत. सुनीतीबाईंनी तो शिरा आत जाऊन मोलकरणीला दिला आणि भांडी जरा मोठ्याने आदळली.

पुढचे दोन दिवस सगळं शरच्चंद्ररावांच्या मनासारखं चाललं. सकाळी चहा दाराबाहेर. दुपारी घर चिडीचूप. विल्फ्रेड व्हरांड्यात आला की माणसं दारं ओढून घेत, त्याच्या एकांतात आड येऊ नये म्हणून. संध्याकाळी तो काठी घेऊन एकटाच फिरायला जाई आणि चांगला अंधार पडल्यावर येई. त्याचा चेहराही सुधारला होता. फिरून आला की ओठांवर थोडं हसू असे. शरच्चंद्ररावांना धन्य वाटे. खरं म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पोटात शंभर प्रश्न होते. लढाईत काय झालं, आई कशी आहे, वडील अजून ओढ्यावर मासे धरायला जातात का. पण विचारायचं नाही हा नियम त्यांचाच. ते मित्रासमोर बसून वर्तमानपत्र वाचत आणि जीभ चावत. विश्रांती देणं हे इतकं कष्टाचं काम असेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

तिसऱ्या दिवशी मामलेदारांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सुनीतीबाई गेल्या त्या हसत गेल्या आणि परतल्या त्या वाणाचा डबा कोनाड्यात न ठेवता जमिनीवर आपटून ओसरीतच उभ्या राहिल्या.

"तुमचा पाहुणा गोजरबाईच्या शेतात जेवतो," त्या म्हणाल्या. "रोज. साऱ्या गावाला ठाऊक आहे. मामलेदारीणबाईंनी मला तिळगूळ दिला आणि वर विचारलं, पाहुण्यांना तुमच्या हातचं पचत नाही का हो? सहा वर्षं मी या घरात चूल सांभाळते. माझ्या घरचा माणूस अर्धपोटी उठतो आणि दुसरीच्या दारात जाऊन खातो, हे ऐकायची वेळ तुमच्या विलायतेने माझ्यावर आणली."

शरच्चंद्ररावांनी इंग्रज माणसाची भूक मुळात बेताची असते, असं काहीतरी म्हणायला सुरुवात केली. सुनीतीबाई ऐकायला थांबल्या नाहीत. मग शरच्चंद्ररावांनी चपला घातल्या आणि ते गावच्या ओढ्यापलीकडे, गोजरबाईच्या शेताकडे निघाले.

गोजरबाई ही एकटी बाई. नवरा मागेच गेलेला, तीनचार एकर कोरडवाहू जमीन, तीत शाळू उभा. या दिवसांत ती दिवसभर शेतातच असे, पाखरं हाकायला. तोंड बारा महिने चालू. ऐकायला माणूस नसलं तर ती पाखरांशी बोलायची. तिच्या बांधाजवळ धूर दिसला. शरच्चंद्रराव शाळूच्या आडून पुढे झाले तर समोर हा देखावा: आगटीत कणसं भाजताहेत, गोजरबाई ती तळहातावर चोळून हुरडा पाखडते आहे, आणि सम्राटाच्या लष्करातला कॅप्टन पोत्यावर मांडी घालून, मिशीला दाणे चिकटलेले, लसणाच्या चटणीने डोळ्यांत पाणी आलेलं, असा तो हुरडा खातो आहे. मांडीवर अर्धी भाकरी. गोजरबाई त्याला तिच्या जावेची कागाळी सांगत होती आणि तो एक अक्षर न कळता मान डोलवत होता.

तिने आणखी मूठभर हुरडा पुढे केला. विल्फ्रेड हात जोडून म्हणाला, "नको, पुरे." गोजरबाईने तो त्याच्या ओंजळीत ओतला. तिला ते ऐकूच आलं नसावं, अशा सहजपणे.

शरच्चंद्ररावांना पाहून विल्फ्रेड धडपडत उठला, चोरी सापडल्यासारखा. गोजरबाई मात्र जागची हलली नाही.

"या बालिष्टर, बसा. तुमच्या पाव्हन्याला लई भूक हाय बगा. घरी खात न्हाईत व्हय?"

शरच्चंद्रराव म्हणाले, वाढतो की आम्ही, पण तो नको म्हणतो. आणि नको म्हणणाऱ्याला कसं वाढायचं?

गोजरबाईने कणीस चोळता चोळता त्यांच्याकडे पाहिलं. एवढा शिकलेला माणूस असं काय विचारतो, हे तिला खरंच कळेना.

"नको म्हनायचं पाव्हन्यानं आन् वाढायचं आमी. त्यात काय इचारायचं?"

 मग दोघे मित्र बांधावर जरा लांब जाऊन बसले. गेल्या तीन दिवसांत ते पहिल्यांदाच खरं बोलले.

विल्फ्रेडने आधी माफी मागितली. म्हणाला, सध्याचे दिवस असे आहेत की मुंबईत उतरल्यापासून आम्हाला लोक परत जा म्हणूनच ओरडतात, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. तुझ्याकडे आलो तर फाटकावर माणूस बसवलेला. गावातली माणसं येतात आणि मला न भेटता परत जातात. मी दिसलो की घरातली दारं लागतात. तूही समोर बसून पेपर वाचतोस, एक शब्द विचारत नाहीस. मला वाटलं, गोऱ्याला घरात ठेवणं तुला जड जातं आहे आणि जुन्या ओळखीपायी तू बोलत नाहीस. उद्याच्या मोटारीने निघायचं मी ठरवलं आहे.

"आणि जेवणाचं?" शरच्चंद्ररावांनी विचारलं. "नको का म्हणत होतास?"

"तूच शिकवलं होतंस," विल्फ्रेड म्हणाला. "आमच्या घरी पहिल्या रात्री तू आईला नको म्हणालास, तिने ताट उचललं आणि तू उपाशी झोपलास. दुसऱ्या दिवशी मला सांगितलंस, आमच्याकडे सभ्य माणूस दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. मी लक्षात ठेवलं होतं. रोज तिसऱ्या वेळेची वाट बघत बसायचो. तुमच्याकडे दुसरीसुद्धा येत नव्हती."

शरच्चंद्रराव ती उपाशी रात्र पार विसरून गेले होते. स्वर्गाच्या आठवणीत भूक कोण ठेवतो? त्यांनी मग सगळं सांगून टाकलं. तुझ्या घरी मला जी शांतता मिळाली, कोणी बोललं नाही, कोणी विचारलं नाही, तीच मी तुला परत देत होतो. हसू नकोस. आठ वर्षं मी त्या पंधरा दिवसांवर जगलो आहे.

विल्फ्रेड हसलाच. बराच वेळ हसला आणि मग हसता हसता थांबला.

"आमचं घर शांत नव्हतं रे," तो म्हणाला. "आमची आई म्हणजे गावातली सगळ्यात बोलघेवडी बाई. रस्त्याने जाणाऱ्या पोस्टमनला आत बोलावून त्याच्या बायकोची दुखणी विचारायची. पहिल्या संध्याकाळी तू सांगितलंस, घरी चौदा माणसं आहेत, क्षणभर एकटं मिळत नाही, डोकं फिरतं. ते तिने ऐकलं. तू माडीवर गेल्यावर तिने सगळ्यांना बजावलं, या पोराला इथे तरी निवांत राहू द्या. जो त्याच्याशी बोलेल त्याला माझ्या स्वयंपाकघरात थारा नाही. पंधरा दिवस ती तोंड मिटून राहिली. वडील म्हणायचे, लग्न झाल्यापासून अशी सुट्टी मला मिळाली नव्हती."

शरच्चंद्ररावांना आठवलं, संध्याकाळी माडीवर वाचत बसलं की खालून हसण्याचा आवाज यायचा आणि लगेच कोणीतरी दाबल्यासारखा बंद व्हायचा. इंग्रज हसतातसुद्धा किती बेताने, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. हे वाक्य त्यांनी कर्जतला शंभर वेळा तरी सांगितलं होतं.

विल्फ्रेड पुढे म्हणाला, "तिला तुला खूप विचारायचं होतं. तुझी आई काय करते, तुमच्याकडे पाव कसा भाजतात, तू लग्न कोणाशी करणार. रोज रात्री जेवताना म्हणायची, आज तरी तो आपणहून खाली येईल. तू गेल्यावर म्हणाली, पोरगा चांगला होता, पण आपण त्याला आवडलो नाही वाटतं."

शरच्चंद्रराव मटकन खाली बसले असते, पण ते बसलेलेच होते. जरा वेळाने त्यांनी विचारलं, आई कशी आहे आता? तीन दिवस पोटात दाबून ठेवलेला प्रश्न.

गेली, विल्फ्रेड म्हणाला. लढाईच्या चौथ्या हिवाळ्यात. तो तेव्हा आसामात होता. वडील तिच्या पाठोपाठ गेले. आणि इथे आल्यापासून त्याला ते कोणाला तरी सांगायचं होतं, पण कोणी विचारलंच नाही.

शरच्चंद्रराव आयुष्यात कोर्टात किंवा बाहेर कधी बोलले नसतील इतकं काकुळतीला येऊन त्यांनी त्याला घरी चल म्हटलं. घरी येऊन त्यांनी सुनीतीबाईंना सगळं सांगितलं, स्वतःचा गाढवपणाही न वगळता. आईचं कळल्यावर सुनीतीबाईंचा राग कुठच्या कुठे गेला. त्यांनी पदर खोचला, मच्छिंद्रला फाटकावरून उठवून गूळ आणायला पिटाळलं आणि पुरण शिजत घातलं.

त्या रात्री गाव आलं. पाटलांनी फेटा बांधला, मास्तरांच्या पोरांनी गाणं म्हटलं, पेन्शनराने सलाम ठोकला. साऱ्यांनी विल्फ्रेडला मुलंबाळं किती, पगार किती, लढाईत माणसं किती मारली, असं सगळं विचारलं आणि शरच्चंद्ररावांनी एकही प्रश्न न गाळता त्याचं भाषांतर केलं. मग पानं वाढली. आता गंमत अशी, की विल्फ्रेडचं पोट गोजरबाईच्या हुरड्याने आणि भाकरीने गच्च भरलेलं होतं. पहिली पुरणपोळी त्याने कशीबशी संपवली आणि अगदी मनापासून, कळवळून नको म्हटलं. पण त्याच्या नकोवर आता या घरात कोणाचा विश्वास उरला नव्हता. सुनीतीबाईंनी तीन दिवसांची बाकी एका पंगतीत वसूल केली. शरच्चंद्रराव स्वतः तुपाची वाटी घेऊन उभे होते. शेवटी तो भिंतीला टेकला, डोळे मिटले, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळलं. ते जेवणाचं की दुसरं कशाचं, हे कोणी विचारलं नाही. तेवढं एक न विचारायचं मात्र सगळ्यांना आपोआप कळलं.

त्याला आणखी राहायचं होतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच छावणीतून निरोप आला, बोटीत जागा मिळाली होती. नगरच्या मोटारीत चढताना त्याच्या हातात पोळ्यांचा डबा होता आणि खिशात हुरडा. शरच्चंद्ररावांचा हात धरून तो म्हणाला, आता तू ये. सुनीतीबाईंना घेऊन ये. घर आहे, बाग आहे, ओढाही आहे.

मोटार गेली. धुरळा बसेपर्यंत दोघं नवराबायको अड्ड्यावर उभी राहिली. सुनीतीबाईंनी विचारलं, शेवटी काय म्हणाले? शरच्चंद्ररावांनी सांगितलं, घरी या म्हणाला. घर आहे, बाग आहे.

थोडं चालून गेल्यावर सुनीतीबाई म्हणाल्या, "अहो, पण ते आता तिथे पोचतील तेव्हा त्यांना वाढायला कोण आहे?"